कोंबड्या डालल्या का?

अमेरिकेतल्या टेक्सासमधलं एक गाव मी कधीही पाहिलेलं नाही, पण त्याचा नकाशा मला आजही डोळे मिटून काढता येईल. मधोमध पिवळट दगडाची कचेरी. तिच्या मनोऱ्यावर चारी बाजूंना घड्याळं, त्यातली दोनच चालू. कचेरीभोवती चौक. चौकाच्या एका अंगाला बँक आणि लोखंडी सामानाचं दुकान, दुसऱ्या अंगाला खाटीक आणि बेकरी, तिसऱ्या अंगाला चर्च. त्या चर्चशी भांडून फुटलेल्यांचं दुसरं चर्च त्याच्याच पाठीमागे. गावाबाहेर पेंडीचं गोदाम, त्याच्यापुढे दफनभूमी, आणि तिथल्या जुन्या दगडांवर जर्मन मजकूर. तो गावात कुणालाही वाचता येत नाही.

माझ्या आईनं जाण्याआधी माझ्यासाठी एक निरोप ठेवला होता. आयुष्यभर जे तिला माझ्याशी बोलता आलं नाही ते त्यात होतं. तो निरोप मला मिळाला नाही आणि आता मिळणारही नाही. दोष कुणाचा म्हणाल तर माझा. कुवेतचा नाही, शाळेचा नाही, पोरीचा तर मुळीच नाही. पण ते सांगायचं तर आधी हे गाव सांगावं लागतं, कारण या गावाची मी चारचौघांत यथेच्छ टिंगल केली आहे. करावं तसं भरावं म्हणतात. मी भरतो आहे.

गाव होतं माझ्या साहेबाचं. आखाती युद्धानंतर रिफायनरी पुन्हा उभी करायला जी माणसं कुवेतला आली त्यात तो होता, आणि नाशिक जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावातून पुण्यात शिकून आलेला मीही होतो. तो वेल्डिंग आणि पायपिंगच्या तपासणीचा प्रमुख, मी त्याच्या हाताखाली. उंच, लाल मानेचा, बोलायला संथ. एखादा जोड नापास करायचा झाला तरी आधी वेल्डरच्या पोराबाळांची चौकशी करायचा. आम्ही आपसात त्याला ‘टेक्सासकर’ म्हणायचो. एकदा त्याला ते कळलं. गावाच्या नावाला ‘कर’ जोडून आडनाव करायची आमची पद्धत समजावून सांगितल्यावर तो इतका खूश झाला की डब्याच्या वेळी स्वतःच सांगायला लागला, मी अमुककर, आणि आपल्या गावाचं नाव लावायचा. ते नाव मी इथं देत नाही. त्या गावाची माझ्याकडून झाली तेवढी शोभा पुरे.

त्यानंच एका रद्द झालेल्या ड्रॉइंगच्या पाठीवर मला तो नकाशा काढून दिला होता. त्याच्या पणज्याच्या वेळी जर्मनीतल्या एकाच भागातली पन्नासएक घरं जहाजानं आली आणि माळावर वसली. येताना सॉसेजची कृती आणली, पेटीसारखी वाजवायची वाद्यं आणली आणि आपसातली भांडणं आणली. शेजारच्या गावाशी हमरीतुमरी करून काउंटीची कचेरी आपल्याकडे खेचली. तालुक्याची कचेरी दुसरीकडे जाऊ नये म्हणून माणसं काय थराला जातात ते मला ठाऊक होतं. आमच्याकडे त्यावरून दोन सोयरिकी मोडल्या होत्या. त्यामुळे आमचं जमलं. दोन कचेरीची गावं, दोन कचेरीचे लोक. फक्त त्याच्या बोलण्यात गावाबद्दल एक खंत असायची आणि माझ्या बोलण्यात गावातून सुटल्याची ऐट.

तो फिंतासमध्ये समुद्राजवळच्या एका बंगल्यात राहायचा, आम्ही दोन गल्ल्या मागे, जुन्या इमारतीत तिसऱ्या मजल्यावर. दरवर्षी मे महिन्यात, ऊन असह्य व्हायच्या आत, एका शुक्रवारी तो आपल्या गावची जत्रा बंगल्याच्या अंगणात भरवायचा. कुवेतमध्ये डुकराचं मांस मिळत नाही, म्हणून जमियातून, म्हणजे तिथल्या सहकारी दुकानातून, बैलाचं मांस आणून तो सॉसेज करायचा. धुरी द्यायला सुलैबियाच्या भंगारबाजारातून एक ड्रम आणवला होता आणि आमच्याच वेल्डरकडून त्याला झाकण बसवून घेतलं होतं. ड्रम आणून दिला तो आमच्या स्टोअरचा चाचा, रत्नागिरीकडचा, माझ्याहून दहा वर्षांनी मोठा. चाचा सॉसेज मिटक्या मारत खायचा, मी बटाट्याचं सॅलड आणि कोबीचं लोणचं खायचो. टेपवर पेटीची गाणी लागायची. टेक्सासकर चामड्याची अर्धी विजार घालून त्यावर ठेका धरायचा, आणि गाण्याचा अर्थ विचारला की हसून खांदे उडवायचा. त्याला जर्मन येत नव्हतं. त्याच्या बापाला थोडंफार कळायचं. तो लवकर गेला, आणि मग गावात कुणालाच येत नव्हतं. वेशीवर भली मोठी जर्मन पाटी, मे महिन्यात जर्मन झगे, जर्मन नाच, आणि भाषा शून्य.

याला मी काय समजायचो? वेडेपणा. साप गेला आणि कात उरली असला काहीतरी प्रकार. म्हण चुकली असेल, पण मी चाचाला तेव्हा असंच म्हणालो होतो आणि चाचा म्हणाला होता की साहेब, म्हणी तरी नीट वापरा.

आता माझ्या घरचं.

मुलगी कुवेतमध्येच जन्मली. बायकोला सालमियातल्या एका ऑफिसात नोकरी लागली, आणि पोर दिवसभर शेजारच्या केरळी बाईंकडे राहू लागली. ती तीन वर्षांची असताना बालवाडीतून चिठ्ठी आली की मूल वर्गात गप्प असतं, कृपया घरी इंग्रजी बोला. दुसरा कुणी बाप असता तर चिठ्ठी वाचून सोडून दिली असती. पण त्याच आठवड्यात एका बैठकीत मी इंग्रजीत एक वाक्य तीनदा सुरू केलं होतं आणि तिन्ही वेळा कुणीतरी दुसऱ्यानं ते पुरं केलं होतं. पुण्यात आमच्या तुकडीत पहिला आलेला मी. माझ्या पोरीवर ही वेळ यायची नाही, असं मी ठरवलं. फ्रिजवर कागद चिकटवला की आजपासून या घरात इंग्रजी. बायको साताऱ्याकडची, मराठी शाळेत शिकलेली. तिनं तो कागद वाचला आणि विचारलं, “अहो, मग भांडायचं कुठल्या भाषेत?”

मराठीचं काय, असं तिनं विचारलंच. मी म्हणालो, मराठी काय, ती घरात आहेच, आपोआप येते. आमच्या ओळखीतल्या प्रत्येक घरात हेच वाक्य म्हटलं जायचं आणि प्रत्येक घरात ते खोटं होतं. घरात मराठी नव्हतीच. पोरीसमोर आम्ही दोघं मोडकीतोडकी इंग्रजी बोलायचो, आणि तिला कळू नये असं काही असलं, म्हणजे सासरचं, आजाराचं, नोकरी जाण्याच्या भीतीचं, की मराठीत बोलायचो. म्हणजे आमच्या घरात मराठी ही पोरीपासून लपवायच्या गोष्टींची भाषा झाली. तिनंही शहाण्या मुलीसारखं तिच्याकडे लक्ष देणं सोडून दिलं. पाणी, जेवण, चल, नको, एवढं तिला कळायचं. दोन वर्षांतून एकदा गावी गेलो की शेजारपाजारची पोरंच तिच्याशी हौसेनं इंग्रजी बोलायची, आणि आजीला वाटायचं, पोर लाजरी आहे. फोनवर आजीशी बोलायची दोन वाक्यं मी पाठ करून घेतली होती, ती पहिल्या वाक्याच्या आधी दुसरं म्हणायची.

टेक्सासकरानं आपल्या आजीची गोष्ट मला सांगितली ती धुळीच्या वादळात. साइटवर काम बंद होतं, केबिनच्या फटींना ओली फडकी लावून आम्ही बसलो होतो. त्याची आजी लहानपणापासून जर्मन बोललेली. पहिल्या महायुद्धात गावात जर्मन बोलणं म्हणजे गद्दारी ठरली. शाळा इंग्रजी झाली, चर्चमधलं प्रवचन इंग्रजी झालं, आणि आजीनं तोंड मिटलं. पुढची साठ वर्षं ती मोडकी इंग्रजी बोलली. शेवटी कचेरीमागच्या वृद्धाश्रमात पडून असताना तिची इंग्रजी आधी गेली. मग ती फक्त जर्मन बोलायची. मे महिन्यात जर्मन झगे घालून नाचणाऱ्या पोरीच तिथं नर्स होत्या, त्यातल्या एकीलाही आजी काय मागते ते कळेना. रोज संध्याकाळी ती तेच तेच विचारायची. पाणी दिलं, पांघरूण दिलं, पाद्री आणला, तरी विचारायची. टेक्सासकराला जर्मनमधला ‘हो’ तेवढा येत होता. तो तिचा हात धरून बसायचा आणि ती थांबली की हो म्हणायचा.

त्यानं तिचा आवाज एका कॅसेटवर घेऊन ठेवला होता. ती कॅसेट तो कुवेतलाही घेऊन आला होता, का ते त्यालाच ठाऊक. काही महिन्यांनी एक मोठा कॉम्प्रेसर चालू करून द्यायला जर्मनीहून एक म्हातारा फोरमन आला. टेक्सासकरानं तीन दिवस धीर गोळा केला आणि चौथ्या दिवशी त्याला ती कॅसेट ऐकवली. मी तिथंच होतो. फोरमननं डोळे मिटून ती तीनदा ऐकली. म्हणाला, ही फार जुनी, खेड्यातली बोली आहे, पण कळते. ती विचारतेय की कोंबड्या आत घेतल्या का.

आमच्याकडे म्हणतात, कोंबड्या डालल्या का. दिवेलागणीला डालग्याखाली घालतात ना, तेच. टेक्सासकर टोपी काढून बाहेर गेला आणि पाइपांच्या रॅकखाली बराच वेळ उभा राहिला. परत आल्यावर तो एवढंच म्हणाला, “म्हणजे माझं उत्तर बरोबर होतं.”

माणसानं अशी गोष्ट ऐकून काय करावं? मी काय केलं ते सांगतो. दिवाळीनंतर आमच्या मराठी मंडळाचा कार्यक्रम होता, सालमियातल्या एका शाळेच्या सभागृहात. मातृभाषेवर दोन शब्द बोलायला मला उभं केलं. मी टेक्सासकराचं गाव मांडलं. सॉसेज मांडलं, चामड्याची विजार मांडली, न वाचता येणारे दगड मांडले. आणि शेवटी आजी. सगळं गाव डोक्याला हात लावून बसलंय की म्हातारीची अंतिम इच्छा काय, पाद्री येतोय, प्रार्थना चालल्यात, आणि म्हातारी विचारतेय, कोंबड्या डालल्या का! सभागृह हसून हसून कोसळलं. मग मी आवाज चढवून म्हणालो की भाषा टाकली की माणसाचं हे असं होतं, आपण मात्र सातासमुद्रापार आपली मायबोली जपली आहे. टाळ्या पडल्या. पुढच्या रांगेत माझी मुलगी बसली होती. सगळे टाळ्या वाजवत होते म्हणून तीही वाजवत होती.

खाली उतरल्यावर चाचा भेटला. मंडळात त्याला कुणी खास बोलावत नसे, तो आपणहून यायचा. त्याची बायको चार बुकं शिकलेली नव्हती, म्हणून त्याची पोरं घरी कोकणीतच भांडायची. तो माझ्या पोरीशी काहीतरी बोलला होता. मला बाजूला घेऊन म्हणाला, “भाषण बरा झाला साहेब. पण तुमची पोरगी ‘हो’च्या पुढं जात नाय.”

मला राग आला. स्टोअरकीपरनं इंजिनिअरला शिकवावं, याचा राग आला. हे लिहितानाही लाज वाटते, पण राग त्याचाच होता.

वडील गेल्यावर दोन वर्षांनी आईला तीन महिन्यांच्या व्हिसावर कुवेतला आणलं. तेव्हा पोर अकरा वर्षांची होती. आई कमी बोलणारी बाई. वडिलांच्या धाकात तिनं जन्म काढला, आणि मला वाटतं त्या घरात बोलायची तिची सवयच मोडली होती. मी तिचा एकुलता एक, पण माझ्याशीसुद्धा ती जेवलास का, निघालास का, एवढंच बोलायची. ती येणार म्हटल्यावर मला भलताच घोर लागला. नातीला मराठी येत नाही हे आईला कळलं तर? गावात मी सातासमुद्रापार मायबोली जपणारा होतो ना. त्या भाषणाचा फोटो आईनं देव्हाऱ्याशेजारी लावला होता.

ती यायला तीन आठवडे होते, मराठी शिकवायला ते पुरणार नव्हते. मग मी इंजिनिअरचं डोकं चालवलं. पोरीला जेवणाच्या टेबलाशी बसवलं आणि पद्धत शिकवली. आजी बोलत असताना तिच्याकडे बघायचं. वाक्य संपलं की ‘हो आजी’ म्हणायचं. ती अडखळली, गप्प झाली, की ‘मग?’ म्हणायचं. डोळ्यात पाणी आलं तर पाणी आणून द्यायचं. मी स्वतः आजी झालो, खोट्या खोट्या गोष्टी सांगितल्या आणि तिच्याकडून सराव करून घेतला. पोर हुशार. आठ दिवसांत तिचा ‘मग?’ असा काही जमला की मीच फसलो असतो. बायको ओट्याशी उभी राहून हे बघत होती. ती म्हणाली, “अहो, हे पाप आहे.” मी म्हणालो, तीन महिन्यांचा तर प्रश्न आहे.

ही कल्पना मला कुठून सुचली हे तेव्हा माझ्या लक्षात आलं नाही. धुळीच्या वादळातली ती केबिन मला आठवलीही नाही.

आई आली. पोर दोन वाजता शाळेतून यायची, मी साडेतीनला पोचायचो, बायकोला यायला पाच वाजायचे. ते दीड तास दोघी घरात असायच्या. समुद्राकडच्या खिडकीशी चटई टाकून आई वाती वळत बसायची आणि नात समोर. पहिल्याच आठवड्यात मी दार उघडलं तर आतून आईचा आवाज, सलग, न थांबता. इतकं बोलताना मी तिला कधी ऐकलं नव्हतं. मध्येच पोरीचा तो गोड ‘मग?’. मी बूट काढायला वाकलो आणि माझ्या हुशारीवर खूश होऊन तसाच थोडा वेळ उभा राहिलो. मला बघितलं की आई गप्प व्हायची आणि चहा ठेवू का म्हणायची.

“पोर फार गुणाची आहे रे तुझी,” ती एकदा म्हणाली. “सगळं ऐकून घेते. मध्येमध्ये बोलत नाही.”

मे महिन्याची जत्रा तेव्हाच आली. आईला घेऊन गेलो. सॉसेज कशाचं आहे हे तिला सांगितलं नाही, तिनं विचारलंही नाही. केळं आणि दही खाल्लं. टेक्सासकर तिच्याजवळ जमिनीवरच येऊन बसला. आई त्याच्याशी सरळ मराठीत बोलायला लागली, तो मान डोलवत ऐकत राहिला. पोर आजीला टेकून बसली होती, वाक्यावाक्याला हो आजी, हो आजी चाललं होतं. थोड्या वेळानं टेक्सासकर उठला आणि मला ड्रमापाशी गाठून हळूच विचारलं, “पोरीला यातलं किती कळतं?”

“सगळं,” मी म्हणालो.

त्यानं माझ्याकडे बघितलं आणि सॉसेज उलटायला लागला. त्याला कळलं होतं. वाक्याच्या टोकाला येणाऱ्या त्या ‘हो’ची जगात सगळ्यात जास्त ओळख असलेला माणूस तो. पण तो सभ्य होता, आणि मी त्याच्या आजीचं काय केलं होतं हे त्याला कुणी सांगितलं नव्हतं.

निघायच्या दिवशी विमानतळावर आईनं नातीला जवळ घेतलं, कानात काहीतरी विचारलं. पोर म्हणाली, “हो आजी.” मग आई माझ्याकडे वळली. म्हणाली, “पोरीला सगळं सांगितलंय. मी गेल्यावर तुला सांगेल ती.” मला वाटलं, कुळाचार असेल, नवरात्राचं काही असेल, कुठल्या भाजीत काय घालायचं ते असेल. मी हसलो आणि म्हणालो, बरं.

टेक्सासकर त्याच वर्षी निवृत्त होऊन आपल्या गावी गेला. ड्रम चाचाला देऊन गेला.

आई पुढच्या वर्षी गेली. झोपेतच गेली, शेजारच्या काकूंनी सकाळी पाहिलं. आम्ही तिघंही पोचलो. दिवसकार्य झाल्यावर मी तिची ट्रंक उघडली. लुगडी, वडिलांचा चष्मा, माझी प्रगतिपुस्तकं, आणि अगदी तळाशी जुन्या धोतराच्या फडक्यात एक गाठोडं. त्यात चांदीचे दोन वाळे होते, काळ्या मण्यांची एक मनगटी, आणि दोनेक वर्षांच्या मुलीला होईल असा एक झालरीचा फ्रॉक, घड्यांवर पिवळा पडलेला. मी एकुलता एक. माझ्या आधी कुणी होतं असं मला जन्मात कुणी सांगितलं नव्हतं.

काकू दारात उभ्या होत्या. मी फ्रॉक हातात धरून त्यांच्याकडे बघितलं. त्या म्हणाल्या, “तुला कळलंय ना रे सगळं? कुवेतहून आली तेव्हा किती हलकी होऊन आली होती. म्हणाली, आयुष्यात पहिल्यांदा कुणाला तरी सांगितलं. लेकाला सांगायचा धीर होत नाही, म्हणून नातीजवळ ठेवलंय. पोरीला विचारलं म्हणे, बाबांना सांगशील ना? तर पोर म्हणाली, हो आजी.”

काकूंना स्वतःला काही ठाऊक नव्हतं. त्या इथं राहायला आल्या तेव्हा मी शाळेत जात होतो. आईच्या माहेरचं कुणी उरलेलं नव्हतं, वडिलांकडची एक आत्या होती तिला माणसं ओळखू येत नव्हती.

मी पोरीला आत बोलावलं. ती ओसरीवर देवापुढच्या समईसाठी वाती वळत बसली होती; आजीकडून तेवढं तिला फार छान आलं होतं. हातावर कापूस घेऊनच ती आली. मी विचारलं, आजी तुला दुपारी काय सांगायची? इंग्रजीत विचारलं, दुसऱ्या कुठल्या भाषेत विचारणार.

तिनं फ्रॉककडे बघितलं, माझ्याकडे बघितलं. म्हणाली, मला नाही कळलं बाबा. आजी खूप हळू बोलायची आणि खूप भरभर. काही दिवस रडायची, मग मी पाणी आणायचे. एका दिवशी तिनं असं केलं. आणि पोरीनं कापसाचा हात खाली नेऊन आपल्या गुडघ्याच्या थोडा वर धरला, तळवा जमिनीकडे, लहान मुलाची उंची दाखवतात तसा. मग तो हात तिनं हळूहळू जमिनीपर्यंत खाली नेला आणि तिथं ठेवला. म्हणाली, असं केलं आणि गप्प बसली, म्हणून मी ‘मग?’ म्हटलं. मग तिनं पुढचं सगळं सांगितलं.

माझ्या चेहऱ्याकडे बघून ती घाबरली. “तुम्हीच सांगितलं होतं ना,” ती म्हणाली, “ती थांबली की असं म्हणायचं.”

हे सगळं इंग्रजीत चाललं होतं. टेक्सासकराच्या आजीची निदान एक कॅसेट होती, आणि तिचा प्रश्न कोंबड्यांचा होता, आणि त्याचं ‘हो’ नशिबानं बरोबर लागलं होतं. त्यावर मी दोनशे माणसं हसवली होती. माझ्याजवळ काय आहे? दोन वाळे आणि एक जमिनीकडे जाणारा हात. ते मूल तापानं गेलं, पाण्यात गेलं, की वडिलांच्या हातून काही झालं, त्याला नाव काय होतं, आई त्याला काय म्हणून हाक मारायची, हे सगळं माझ्या पोरीच्या कानावरून गेलेलं आहे. दीड दीड तास, तीन महिने.

काकूंना इंग्रजी कळत नव्हतं. त्या पोरीच्या डोक्यावरून हात फिरवत उभ्या होत्या, डोळे पुसत होत्या. त्यांनी मला विचारलं, “सांगितलं ना रे पोरीनं सगळं?”

मी म्हणालो, “हो काकू.”